चादर धरणारी

आक्का, काल तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माझी फार वाहवा झाली. माढ्याला तुमच्या दारात मांडव घातला होता. वंदना झाली आणि मग एकेक माणूस उठून बोलायला लागला. अंगणवाडीतल्या बाई बोलल्या, शेजारचे गुरुजी बोलले, आणि तुमच्याबद्दल चार शब्द सांगून झाले की जो तो शेवटी माझ्याकडं हात करायचा. "नणंद-भावजयीचं कुटं पटतंय का? पर ह्या वैनींनी नणंदेला समदा मुलूख दाखिवला. दर सुट्टीला गाडीत घालून फिरवून आनलं. आशी भावजय मिळाय नशीब लागतंय." मी पदर ओढून मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई किती साधी आहे. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं होतं.

उठून सांगायला पाहिजे होतं, की मंडळी, थांबा. यंदाच्या सुट्टीत मी आक्कांना नेलं नाही, गाडीत जागा नाही असं खोटं सांगितलं. आणि मागच्या वर्षी नेलं, तेव्हा वाटेत पाणी पिऊ दिलं नाही. इतकी वर्षं शाळेत बोलून बोलून घसा बसलेली मी मास्तरीण, पण काल तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून आता लिहितेय. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला. तुम्ही असतात तरी वाचलं नसतंत. "चष्मा कुटं ठिवला की," म्हणत कागद माझ्याच हातात दिला असतात.

आणि फिरवलं म्हणे! कुणी कुणाला फिरवलं ते आपल्याला ठाऊक. हे, म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, गाडी चालवणार, मी रस्त्यावरच्या पाट्या वाचणार, एवढंच आमचं कर्तृत्व. बाकी सहल चालायची ती तुमच्या पिशवीवर. आम्ही सोलापुरातून, शुक्रवार पेठेतून, सकाळी सकाळी निघायचो. टेंभुर्णीच्या चौकात तुम्ही माढ्याहून एसटीनं येऊन आमच्या आधी उभ्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत चादर. पिशवीत कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, सुतळीचा गुंडा, सेफ्टी पिना, गाडी लागणाऱ्यांसाठी लिंबं आणि एक स्टीलचा तांब्या. तांब्या बघून मी कपाळाला हात लावायची.

"आक्का, लॉजवर सगळं असतं हो."

"असतंय की. तांब्या सोडून समदं असतंय."

आणि खरंच, महाबळेश्वरच्या त्या लॉजच्या बाथरूममध्ये भिंतभर आरसा होता, शॉवर होता, टॉवेलाचा हंस करून ठेवला होता, पण पाणी घ्यायला साधा मग नव्हता. तुमचा तांब्या आमच्या खोलीतून शेजारच्या खोलीत, तिथून वरच्या मजल्यावर असा फिरला, आणि पोचा पडलेला तो परत मागायला मलाच जावं लागलं. तुमची सुतळी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ताणलेली असायची आणि तिच्यावर सगळ्यांचे ओले कपडे. खोलीत वाकून चालावं लागायचं. मी कुरकुर करायची, आणि सकाळी वाळलेले कपडे पहिली मीच ओढून घ्यायची.

पण तुमची खरी करामत म्हणजे पाढे. ढाब्यावरच्या बायकांच्या संडासाची कडी एक तर लागत नाही, आणि लागली तर निघत नाही. तुम्ही आत गेलात की मोठ्यानं पाढे म्हणायचात, आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून. आमची प्रज्ञा लहान होती तेव्हा दारात पहारा करायची आणि मला ओरडून सांगायची, "मम्मी, आत्या तीनच्या पाढ्यावर गेल्या, म्हणजे पोट बिघडलंय!" ढाब्यावरची माणसं हसायची. तुम्ही आतून पाढा न तोडता तिला शिवी हासडायचात.

आणि जिथं संडासच नाही, तिथं चादर.

माझी तुमच्याबरोबरची पहिली सहल आठवते ना? लग्नाला काही महिने झाले होते. जीपमध्ये पुढं मामंजी, मागं मी अंग चोरून बसलेली. सकाळपासून कळ काढत होते. पुरुषांचं काय, त्यांना एक बाभळीचं झाड पुरतं. नव्या नवरीनं कुणाला सांगायचं? तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "थांबीव रं, मला लागलीया." स्वतःचं नाव पुढं केलंत. मला हाताला धरून उतरवलंत, बांधाच्या कडेला नेलंत आणि मोरांची ती निळी-लाल चादर उघडून दोन्ही हात पसरून उभ्या राहिलात. माझ्याकडं पाठ, रस्त्याकडं तोंड. "बस. म्या हाय हितं." आणि तुम्ही तिथंच आहात हे मला कळत राहावं म्हणून बे एकं बे सुरू केलंत. मी चादरीआड बसून रडले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आईनंसुद्धा मला इतकं सांभाळून घेतलं नसेल. हे तेव्हाच सांगायचं होतं.

नंतर किती रस्ते झाले, किती बांध. प्रज्ञा पोटात असताना तर दर कोसाला. प्रत्येक वेळी तुम्ही धरून उभ्या, मी आत.

मग दिवस पालटले. यांना ऑफिसात बढती मिळाली, मोठी गाडी आली, साहेबलोकांत ऊठबस सुरू झाली. मोबाइलवरून हॉटेलं ठरवायला लागलो. आणि मला लाज वाटायला लागली. तांब्याची, सुतळीची, पाढ्यांची, आणि त्या चादरीची तर फारच. त्यात तुम्हाला शुगर निघाली, सारखं थांबावं लागायला लागलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते कधी मिटलंच नाही.

"आक्का, पुढं चांगलं हॉटेल आहे. जरा दम धरा की."

"धरला की. आनी किती धरू?"

"चारचौघांत बरं दिसत नाही हो."

"कुनाला बरं दिसत न्हाय? पानी प्यायची लाज न्हाय, मग त्याची कसली? एवढा रस्ता केला, टोलनाकं केलं, ढाबं केलं, बायांना दार करायचं तेवढं इसरलं. आन लाज आपून धरायची व्हय?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

"तू एकदा चादर धरून बघ, संगे. म्हंजे कळंल."

मी हसून टाळायची. तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं, की इतक्या वर्षांत मी ती एकदाही धरलेली नाही. आणि लक्षात आल्यावरही धरली नाही.

मागच्या वर्षी समुद्र बघायला निघालो. तुम्ही आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. टेंभुर्णीच्या चौकात नवं लुगडं नेसून उभ्या होतात, वेणी शेजारणीनं घालून दिलेली, कारण शुगरमुळं तुमचा उजवा खांदा आखडला होता आणि हात वर जात नव्हता. त्या सहलीला दोन गाड्या होत्या. दुसऱ्या गाडीत यांचे मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस.

इंदापूर सोडल्यावर एका ढाब्यावर थांबलो. बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडं तो गावात गेलेला. तुम्हाला दम निघत नव्हता. ढाब्यामागं पडकी भिंत होती. तुम्ही चादर घेऊन तिकडं निघालात आणि वळून म्हणालात, "संगे, ह्ये टोक जरा धर गं. माझा ह्यो खांदा वर व्हत न्हाय."

नेमक्या त्याच वेळी मिसेस साहेब गाडीतून उतरत होत्या. मी ऐकलं नाही असं केलं. टपरीवर जाऊन वेफर्सची पुडकी उलटीपालटी करत बसले. एकाची चव विचारली, दुसऱ्याची तारीख वाचली. तुम्ही चादरीचं एक टोक सुतळीनं भिंतीलगतच्या पाइपाला बांधलंत, दुसरं डाव्या हातात धरलंत आणि एकट्यानं निभावून नेलंत. तिकडून पाढ्याचा आवाज आला नाही. मिसेसनी विचारलं, "त्या कोण?" मी म्हटलं, "आहेत यांच्या एक बहीण. खेड्यात असतात." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ते "एक" मला अजून टोचतं.

गाडीत बसल्यावर तुमच्या मांडीवरची पाण्याची बाटली मी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. "समुद्रापर्यंत आता पाणी नको, आक्का. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मला वाटलं, आता तुम्ही तोंड सोडणार. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि खिडकीतून बाहेर बघत बसलात. तुम्ही भांडला असतात तर मीही भांडले असते आणि बाटली परत दिली असती. तुम्ही गप्प बसलात आणि मला बरं वाटलं. वर्गात कुठल्याही पोरानं करंगळी वर केली की मी शिकवणं न थांबवता मान हलवते. आजवर एकाला अडवलं नाही. अडवलं ते तुम्हाला, ज्यांनी माझ्यासाठी जीप थांबवली होती.

दुपार कलली तेव्हा समुद्रावर पोचलो. तुम्ही निऱ्या उचलून पाण्यात गेलात आणि लहान पोरीसारख्या ओरडलात, "आगं बया, ह्याला पल्याड काठच न्हाय की!" सगळे हसले. मग तुम्ही माझ्याजवळ आलात. ओठ पांढरे पडले होते. जीभ ओठांवरून फिरवत हळूच म्हणालात, "संगे, आता पिऊ का?"

मोठी नणंद धाकट्या भावजयीला विचारत होती, पाणी पिऊ का. मी काय म्हटलं? "प्या की! त्यात काय विचारायचं?" असं फणकाऱ्यानं म्हटलं, की चूक तुमचीच वाटावी. तुम्ही माझ्या पर्समधल्या बाटलीतलं ते कोमट पाणी तिथंच वाळूत बसून प्यायलात, समुद्राकडं पाठ करून. समोर एवढं पाणी पसरलेलं आणि तुमचं सगळं लक्ष त्या बाटलीत.

परतताना साहेबांची गाडी पुढं निघून गेली. भिगवणच्या अलीकडं मला लागली, प्रज्ञालाही लागली. हॉटेल लांब होतं. मी काही म्हणायच्या आत तुम्ही दार उघडून उतरलात, चादर झटकलीत आणि धरून उभ्या राहिलात. खांद्याचं नाव काढलं नाहीत. सकाळचा शब्द काढला नाहीत. बे एकं बे, बे दुणे चार. मी आत बसले, उठले, गाडीत येऊन बसले. आभार तर सोडाच, मी हातावर सॅनिटायझर चोळत होते.

यंदा परत त्याच साहेबांबरोबर ठरलं. मी तुम्हाला फोन केला आणि म्हटलं, "आक्का, गाडीत जागा नाही हो या खेपेला." सात माणसांची गाडी, आणि आम्ही तिघं. तुम्हाला गाडी माहीत, माणसं माहीत. तुम्ही म्हणालात, "बरं बरं. जावा तुमी, नीट जावा." दोन दिवसांनी हे शेताच्या कामाला माढ्याला आले होते, ते परतताना चादर घेऊन आले. धुऊन, घडी करून, सुतळीनं बांधलेली. "आक्कानं दिलीय. संगीला लागंल म्हनावं, असं म्हणाली."

मी ती घडी न सोडता डिकीत, स्टेपनीच्या खाली सारली. सहलीत सोलापूरपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, डोकं फुटेपर्यंत दुखलं, पण चादर काढली नाही. परत आल्यावर म्हटलं, येत्या रविवारी माढ्याला जाऊ, चादर देऊ, जरा बसू. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. रविवारच्या आधीच तुमच्या शेजारणीचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मागं एकदा प्रवासात दिवसभर पाणी प्यायलं नव्हतं, त्याचा काही?" त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "त्याचा काय संबंध?" संबंध नाही. ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

तुमच्या मागं नवरा, मूलबाळ कुणी नाही, म्हणून काल जलदानाला, तुमच्या नावानं पाणी सोडायला, हे आणि मी बसलो. बौद्धाचार्यांनी माझ्या हातात तांब्या दिला. घरातूनच कुणीतरी आणला होता, तुमच्या पिशवीतला तो. पोचा ओळखीचा होता, महाबळेश्वरचा. खाली परातीत वाटी ठेवली होती. "ताई, सावकाश सोडा. धार तुटू देऊ नका." मी पाणी सोडत गेले. वाटी भरली, काठावरून वाहिली, परातीत पसरली. तुम्ही "पिऊ का" विचारलं होतंत तेव्हा ती बाटली अर्धीच होती. काल तांब्या रिकामा झाला तरी मी तो तसाच वाकडा धरून बसले होते. मागून कुणी तरी म्हणालं, "लई जीव होता बगा भावजयीचा."

परतीला गाडीत आम्ही तिघंच. प्रज्ञा पुण्याहून, नोकरीवरून, थेट माढ्याला आली होती आणि आता आमच्याबरोबर सोलापूरला येत होती. शेटफळला हायवेला लागलो. ऊन मी म्हणत होतं. मी मागं बाटली दिली.

"नको मम्मी. मग थांबावं लागतं."

मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली. मी म्हटलं, "सकाळपासून तू काही प्यायली नाहीस."

"सवय आहे मला. ऑफिसच्या ट्रिपला पण मी पीत नाही. तूच सांगायचीस ना आत्यांना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्या दिवशी ती मागच्या सीटवर होती, हे मी विसरलेच होते. मी यांना म्हटलं, गाडी बाजूला घ्या.

"आत्ता? मोहोळ येईल की."

"आत्ता."

प्रज्ञाला बाटली हातात दिली आणि ती अर्धी होईपर्यंत बघत बसले. मग तिनंच सांगितलं, की माढ्यातूनच लागली होती, मांडवात एवढी माणसं, एका संडासापुढं एवढी रांग, कशी जाणार? मी डिकी उघडली. स्टेपनीखालून चादर काढली. सुतळीची गाठ तुमची होती, डाव्या हातानं मारलेली, सुटता सुटेना. हे म्हणाले, "अगं, भर रस्त्यावर? लोक बघतील." मी म्हटलं, "बघू देत."

आक्का, ती चादर फार जड असते हो. दोन्ही हात पसरून धरली की पहिल्या मिनिटातच खांद्यातून कळ येते. सोलापुरात जन्म गेला, अंगावर चादरी घेऊन निजले, पण हे मला माहीत नव्हतं. तुमचा खांदा तर वेणी घालायलाही उठत नव्हता. भिगवणच्या रस्त्यावर तो तुम्ही कसा वर ठेवला होतात?

एक मोटरसायकलवाला हळू झाला आणि मान वळवून बघायला लागला. तुम्ही शिकवलं होतंत तसं माझं तोंड रस्त्याकडंच होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यानंच मान खाली घातली आणि गाडी पळवली. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. धरून बघितल्यावर कळलं.

"मम्मी, आहेस ना?" मागून प्रज्ञाचा आवाज आला.

"आहे."

"मग पाढा म्हण की. आत्या म्हणायच्या."

मी बे एकं बे सुरू केलं. मध्ये पाढा तोडला नाही. बेचा झाला, तीनचा झाला, चारचा लागला. प्रज्ञा केव्हा उठून गाडीत जाऊन बसली ते मला कळलं. वाळलेल्या गवतातून तिची पावलं वाजली होती. शेवटी हे जवळ आले आणि म्हणाले, "संगीता, आत कुणी नाही आता. हात खाली घे."

आत कुणी नाही, हे मला माहीत होतं. त्या ढाब्यामागं तुम्ही जेवढा वेळ एकट्या होतात, तेवढा वेळ मी चादर धरून उभी राहिले.